मिठातलं क्लोरीन, औषधातलं क्लोरीन

मागच्या अंकात जिवाणूंवरच्या एका उत्तरात मी ओझरतं लिहिलं होतं, की क्लोरीन-ब्रोमीन अडकलेली विषारी संयुगं फोडणारे जिवाणू समुद्रात भरपूर आहेत आणि त्यांतल्या काहींना त्या कामासाठी बी-१२ लागतं. त्या एका वाक्यावर पत्रांचा ढीग आला. बहुतेक पत्रं सांगली-साताऱ्याची, आणि त्यांतली बरीचशी स्वतः फवारणी करणाऱ्यांची आहेत. म्हणून या वेळी दुसरा विषय घेत नाही.

प्रश्न : मॅडम, नमस्कार. मीठ म्हणजे सोडियम क्लोराइड, त्यात क्लोरीन आहे आणि ते आपण रोज खातो. फवारणीच्या औषधाच्या डब्यावरच्या नावातही 'क्लोर' असतं आणि शेजारी विषाची तीव्रता दाखवणारा लाल त्रिकोण असतो. क्लोरीन तेच, मग विष कशात आहे? आणि जिवाणू ते 'फोडतात' म्हणजे नेमकं काय करतात? — एक द्राक्षबागायतदार, तासगाव तालुका

उत्तर : वर्मावर बोट ठेवलंत. कराडला कॉलेजात सूक्ष्मजीवशास्त्र शिकवत असताना मी याचं उत्तर दोन परीक्षानळ्यांनी द्यायची. एकीत चिमूटभर मीठ विरघळवलेलं पाणी, दुसरीत पाण्याबरोबर खळखळून हलवलेला शुद्ध क्लोरोफॉर्म. दोन्हींत सिल्व्हर नायट्रेटचे थेंब टाकायचे. मिठाच्या नळीत थेंब पडतो तिथेच पांढराशुभ्र साका धरतो. क्लोरोफॉर्मची नळी जशीच्या तशी स्वच्छ राहते. क्लोरोफॉर्मच्या प्रत्येक रेणूत तीन-तीन क्लोरीन आहेत, तरी चांदीच्या हाती त्यांतलं एकही लागत नाही. पूर्वी भूल देण्यासाठी क्लोरोफॉर्म वापरत, तेव्हा तो शुद्ध आहे का हे याच चाचणीनं बघत. साका आला तर क्लोरोफॉर्म बिघडलेला, रुग्णाला द्यायचा नाही.

मिठातलं क्लोरीन सुटं असतं, ऋण भार घेतलेलं क्लोराइड. ते पाण्यात मोकळं फिरतं, आपल्या रक्तात, जठररसात, घामात असतं आणि जास्तीचं लघवीवाटे निघून जातं. औषधातलं क्लोरीन कार्बनला घट्ट धरून बसलेलं असतं. असे पुष्कळसे रेणू पाण्यापेक्षा तेला-चरबीत जास्त विरघळतात, पेशीच्या आवरणातून सहज आत शिरतात, आणि शरीर एरवी ज्या विकरांनी (एन्झाइमांनी) रेणू मोडतं ती विकरं या बंधापाशी अडून बसतात. मग काही रेणू मज्जासंस्थेवर घाला घालतात, काही चरबीत वर्षानुवर्षं साठतात. क्लोरीन असलेलं प्रत्येक औषध सारखंच जहाल असतं असं मुळीच नाही, त्रिकोणाचा रंग पूर्ण रेणूच्या स्वभावावर ठरतो. पण तो स्वभाव घडवण्यात कार्बन आणि क्लोरीनमधल्या त्या बंधाचा मोठा वाटा असतो.

जिवाणू 'फोडतात' म्हणजे तो बंध तोडतात आणि क्लोरीनला पुन्हा मिठातल्यासारखं साधं क्लोराइड करून सोडतात. हे काम करणाऱ्या विकरांना डिहॅलोजिनेज म्हणतात. त्यांतलं फार बारकाईनं अभ्यासलेलं एक विकर नेदरलँड्समध्ये सापडलेल्या झँथोबॅक्टर नावाच्या जिवाणूचं आहे. ग्रोनिंगेन विद्यापीठातल्या शास्त्रज्ञांनी १९८५ मध्ये त्याचं वर्णन प्रसिद्ध केलं. पीव्हीसीचं प्लॅस्टिक बनवायला जे डायक्लोरोइथेन वापरतात, त्यावर हा जिवाणू पोसला जातो. समुद्रातल्या कितीतरी जिवाणूंत याच घराण्यातली विकरं पुढे सापडली, म्हणून याचंच काम जरा जवळून बघू.

हे विकर म्हणजे ३१० अमिनो आम्लांची एक साखळी, घडी घालून गोळा झालेली. तिच्या पोटात एक बंदिस्त कप्पा आहे, जेमतेम एक छोटा रेणू मावेल एवढा. डायक्लोरोइथेनचा रेणू आत आला की ट्रिप्टोफॅन नावाची दोन अमिनो आम्लं त्याच्या क्लोरीनला दोन बाजूंनी धरतात. समोरून अ‍ॅस्पार्टेट नावाचं तिसरं अमिनो आम्ल आपला ऑक्सिजन थेट कार्बनवर नेतं, तोही क्लोरीनच्या बरोबर विरुद्ध बाजूनं. कार्बनला नवा जोडीदार मिळतो आणि क्लोरीनची पकड सुटते. क्षणभर तो कार्बन विकरालाच चिकटलेला असतो. मग हिस्टिडीन पाण्याचा एक रेणू तयार करून पुढे करतं, पाणी ती चिकटलेली जागा सोडवतं, आणि क्लोरीनच्या जागी पाण्यातला ऑक्सिजन-हायड्रोजन बसलेला रेणू, म्हणजे एक अल्कोहोल, बाहेर पडतो. ना जाळ, ना तीव्र आम्ल, फक्त पाणी. मला अजूनही हे सांगताना भरून येतं.

यातला सगळ्यांत वेळखाऊ टप्पा बंध तोडण्याचा नाही. सुटलेलं क्लोराइड त्या अरुंद कप्प्यातून बाहेर पडायलाच सर्वांत जास्त वेळ लागतो. त्यामुळे एक विकर सेकंदाला साधारण तीनच रेणू निकालात काढतं. हा कप्पा लक्षात ठेवा, तुमच्याच शेजारच्या तालुक्यातल्या एका प्रश्नाला पुढे तो उपयोगी पडणार आहे.

प्रश्न : मी बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. रासायनिक कारखाने गेल्या शे-दीडशे वर्षांतले. मग समुद्रातल्या जिवाणूंना ही विकरं आली कुठून? उत्क्रांती एवढ्या झपाट्यानं होते का? — एक विद्यार्थिनी, विटा

उत्तर : कारखाने आल्यावरच समुद्रात असली संयुगं आली, असं आपण धरून चालतो. समुद्र ती फार पूर्वीपासून स्वतः बनवतो आहे. लिटरभर समुद्राच्या पाण्यात सुमारे १९ ग्रॅम क्लोराइड आणि ६५ मिलिग्रॅमच्या आसपास ब्रोमाइड असतं. एवढा कच्चा माल दाराशी असताना शेवाळं, स्पंज, गोगलगायी आणि वाळूतले किडे यांनी तो वापरला नसता तरच नवल. ब्रोमाइडचं ऑक्सिडीकरण क्लोराइडपेक्षा सोपं, म्हणून क्लोराइड कितीतरी पटींनी जास्त असूनही समुद्री जीव ब्रोमीनकडे जास्त वळतात. काही शेवाळांत हे काम करणाऱ्या विकरात व्हॅनेडियम धातू असतो. रोमन बादशहांच्या वस्त्रांचा प्रसिद्ध जांभळा रंग म्युरेक्स जातीच्या गोगलगायींपासून काढत. तो रेणू म्हणजे आपल्या निळीचा, इंडिगोचा रेणू, फक्त त्यावर दोन ब्रोमीन बसलेले. निसर्गात बनणारी अशी हॅलोजनयुक्त, म्हणजे क्लोरीन-ब्रोमीनच्या कुळातलं मूलद्रव्य असलेली, संयुगं आजवर पाच हजारांहून जास्त नोंदली गेली आहेत आणि त्यांतली पुष्कळशी समुद्रातली आहेत.

जागचं हलता न येणाऱ्या स्पंजाला ही संयुगं शत्रूपासून वाचवतात. किनाऱ्याच्या वाळूत बिळं करून राहणारे अ‍ॅकॉर्न वर्म नावाचे किडे ब्रोमोफेनॉल बनवतात, त्यांच्या बिळांना दवाखान्यासारखा उग्र वास येतो. आणि जिथे विष रोज बनतं, तिथे ते मोडून त्यावर पोट भरणारेही येतातच. अ‍ॅप्लिसिना नावाच्या स्पंजाच्या आत राहणाऱ्या डिसल्फोलुना जिवाणूचं वर्णन २००९ मध्ये झालं. ऑक्सिजन नसलेल्या जागी सल्फेटवर श्वसन करणारा हा जिवाणू ब्रोमोफेनॉलवरचं ब्रोमीन उतरवून घेतो. स्कॉटलंडच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या एका समुद्री किड्यातून मिळालेल्या जिवाणूत क्लोरीनयुक्त आम्लं मोडणारं वेगळं विकर सापडलं.

हे वाचणं वेगळं आणि बघणं वेगळं. कराडहून कुंभार्ली घाट उतरलं की चिपळूण, पुढे गुहागर. कोयनेचं जे पाणी विजेसाठी पोफळीला सोडतात ते वाशिष्ठीतून याच बाजूला दाभोळच्या खाडीत जातं, तेव्हा या किनाऱ्याशी साताऱ्याचं नातं आहेच. ओहोटीच्या वेळी उघडी पडणारी ओली वाळू आम्ही बाटलीत भरून आणायचो आणि एम.एस्सी.च्या मुलांना एक काम द्यायचो: या वाळूतल्या जिवाणूंना खायला फक्त मोनोक्लोरोअ‍ॅसिटेट द्या, दुसरं काही नाही. जो त्यातलं क्लोरीन काढू शकेल तोच वाढेल.

पेच पुढे होता. क्लोराइड सुटलं की नाही हे चांदीच्या चाचणीनं बघायचं, तर समुद्राच्या पाण्यात आधीच इतकं क्लोराइड की पहिल्या थेंबालाच साका. मीठ काढून टाकावं तर समुद्री जिवाणू तग धरत नाहीत, त्यांना सोडियम लागतंच. मुलांनी डोकं लावलं, की सोडियम ठेवू आणि क्लोराइड काढू. मिठाऐवजी सोडियम सल्फेट घेतलं, वाळू त्याच द्रावणानं पुन्हा पुन्हा धुतली. एका फ्लास्कमध्ये जिवंत वाळू, दुसऱ्यात तीच वाळू ऑटोक्लेव्हमध्ये निर्जंतुक करून. काही दिवसांनी दोन्हींतलं पाणी गाळून, नायट्रिक आम्लाचे दोन थेंब घालून सिल्व्हर नायट्रेट. निर्जंतुक वाळूचं पाणी जेमतेम धुरकट झालं. जिवंत वाळूच्या पाण्यात पांढरा साका तळाशी बसला. शेजारच्या वर्गातली मुलंसुद्धा तो बघायला आली होती.

उत्क्रांतीच्या वेगाबद्दल. विकराचा मूळ साचा जुना आहे, त्याचं वय समुद्राच्या विषांइतकं. पण डायक्लोरोइथेन निसर्गात जवळपास नसतंच, ते आपण आणलं. झँथोबॅक्टरच्या विकरात कप्प्यावरच्या झाकणाच्या भागात लहान तुकड्यांची पुनरावृत्ती झालेली दिसते, आणि ती अलीकडे झालेल्या बदलाची खूण मानतात. जुन्या साच्यात छोटे बदल, आणि ते जनुक प्लाझमिडवरून (पेशीतल्या डीएनएच्या सुट्या कड्यावरून) शेजाऱ्याच्या हाती देणं, हे जिवाणूंना काही दशकांत जमतं. संपूर्ण नवं विकर शून्यातून एवढ्या वेळात घडत नाही. परीक्षेत लिहिताना या दोन गोष्टी वेगळ्या ठेव.

प्रश्न : माझं बी-१२ फार कमी निघालं, म्हणून डॉक्टरांनी इंजेक्शनं दिली आहेत. तुम्ही लिहिलेलं जिवाणूंचं बी-१२ तेच का? तसं असेल तर भाज्यांवरून पोटात जाणारी औषधं या इंजेक्शनांनी मोडून निघतील का? — एक गृहिणी, वय ५८, सातारा शहर

उत्तर : ताई, पहिल्या प्रश्नाचं उत्तर जवळजवळ हो, दुसऱ्याचं स्पष्ट नाही.

बी-१२ च्या रेणूच्या मधोमध कोबाल्ट धातूचा एक अणू असतो. ही रचना डोरोथी हॉजकिन यांनी १९५० च्या दशकात क्ष-किरणांनी उलगडली आणि १९६४ मध्ये त्यांना रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. हे जीवनसत्त्व वनस्पती बनवत नाहीत, प्राणी बनवत नाहीत, ते बनवतात फक्त जिवाणू आणि त्यांचे आर्किया नावाचे दूरचे भाऊबंद. शाकाहारी घरांत ते कमी पडतं ते यामुळेच. आणि ज्यांनी ते बनवलं त्या सृष्टीत त्याचे उपयोगही आपल्यापेक्षा जास्त आहेत.

हॅलोजन काढणाऱ्या विकरांची एक फळी बी-१२ च्या जातीच्या रेणूंवर चालते. त्यांचा अभ्यास फार वर्षं रखडला होता, कारण ती बहुतेक ऑक्सिजन न चालणाऱ्या जिवाणूंत असतात, ते जिवाणू हळू वाढतात आणि विकर हवेला लागलं की खराब होतं. मँचेस्टर विद्यापीठातल्या डेव्हिड लीस यांच्या गटानं त्यावर मार्ग काढला. प्रशांत महासागराच्या गाळातून मिळालेला नायट्रॅटिरिडक्टर पॅसिफिकस हा जिवाणू हवेत जगतो आणि त्याच्याकडे याच जातीचं एक विकर आहे. त्याची रचना त्यांनी २०१४ च्या ऑक्टोबरात 'नेचर' या नियतकालिकात मांडली. आपल्या शरीरात बी-१२ काम करतं तेव्हा कोबाल्ट कार्बनला धरतो, म्हणून इथेही तसंच होत असेल असा अनेकांचा अंदाज होता. पण या विकरात कोबाल्ट थेट ब्रोमीनलाच धरतो आणि त्याला कार्बनपासून ओढून काढतो, असं त्यांच्या पुराव्यांवरून दिसलं. रसायनशास्त्राच्या दृष्टीनं ही मोठी गोष्ट होती.

माणसाच्या शरीरात मात्र बी-१२ वर चालणारी विकरं दोनच आहेत. एक मेथिओनिन बनवतं, दुसरं काही मेदाम्लांच्या आणि अमिनो आम्लांच्या शेवटच्या तुकड्यांची विल्हेवाट लावतं. दोन्हींना हॅलोजन काढता येत नाही. तेव्हा इंजेक्शन रक्तासाठी आणि नसांसाठी घ्या, ती पूर्ण करा, पण त्याच्या भरवशावर भाज्या धुणं सोडू नका. तुमच्या शरीरात हॅलोजन काढण्याचं काम चालतं ते दुसरीकडे. थायरॉइडच्या टी-४ संप्रेरकातलं एक आयोडीन काढून त्याचं टी-३ करणारी विकरं यकृतात आणि इतरत्र असतात, आणि त्यांना कोबाल्ट नव्हे, सेलेनियम लागतं.

प्रश्न : मी ग्रामपंचायतीचा जलसुरक्षक आहे. विहिरीत टीसीएल (ब्लीचिंग पावडर) टाकतो. गावातले काही शिकलेले लोक म्हणतात की क्लोरीननं पाण्यात विषारी संयुगं बनतात, टाकू नको. काय करू? — मिरज तालुका

उत्तर : टाकत राहा. बिनदिक्कत.

ते म्हणतात त्यात तथ्याचा एक अंश आहे. पाण्यात कुजलेला पालापाचोळा असेल तर मोकळं क्लोरीन त्यातल्या कार्बनशी जुळून थोडा क्लोरोफॉर्म तयार होतो. हे नेदरलँड्समध्ये १९७४ साली प्रथम दाखवलं गेलं. जागतिक आरोग्य संघटनेनं क्लोरोफॉर्मची मर्यादा लिटरमागे ०.३ मिलिग्रॅम ठरवली आहे. पण दूषित पाण्यानं होणारी गॅस्ट्रो आणि कावीळ या त्यापेक्षा कितीतरी जवळच्या आणि मोठ्या गोष्टी आहेत. कृष्णेच्या २०१९ आणि २०२१ च्या पुरानंतर विहिरींचं काय झालं होतं हे तुम्हाला मी सांगायला नको. विहिरीतला पाला काढा, गाळ उपसा, टीसीएलची पिशवी कोरड्या जागी तोंड बांधून ठेवा, आणि क्लोरीन तपासायच्या ओटी टेस्टला पिवळा रंग येतो का हे टाकीपाशी नाही, शेवटच्या घराच्या नळाला बघा. तिथे लिटरमागे ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन शिल्लक असायला हवं.

प्रश्न : आमच्याकडे एक विक्रेता 'सर्व प्रकारचे रेसिड्यू खाणारे समुद्री जिवाणू' म्हणून, म्हणजे औषधांचे अवशेष खाणारे म्हणून, बाटली विकतोय. छाटणीनंतर ड्रीपमधून सोडा आणि काढणीच्या आधी फवारा म्हणतो. निर्यातीचा माल आहे. घ्यावी का? शिवाय शेजारी उसात टू-फोर-डी हे तणनाशक मारतो, त्याचं वारं लागून बागेची पानं पंख्यासारखी होतात, त्यावर ही बाटली चालेल का? — एक बागायतदार, पलूस तालुका

उत्तर : दादा, घेऊ नका.

आता वरचा तो कप्पा आठवा. विकराचा कप्पा एका विशिष्ट घडणीच्या रेणूसाठी असतो. डायक्लोरोइथेन मोडणारं विकर टू-फोर-डीला हातही लावत नाही. तुमच्या एका हंगामाच्या फवारणी-वहीत जेवढी औषधं आहेत त्यांची घडण एकमेकांपासून पूर्ण वेगळी आहे, काहींत तर हॅलोजनच नाही. 'सर्व प्रकारचे' हा शब्द बाटलीवर दिसला की तिथेच थांबावं. दुसरं, समुद्री जिवाणूला सोडियम लागतं. तुमच्या जमिनीत तेवढं सोडियम असेल तर बाग जगायची नाही. तिसरं, तुमचा रेसिड्यू जमिनीत नाही, तो मण्याच्या सालीवरच्या मेणात आणि आतल्या गरात आहे. ड्रीपमधून सोडलेला जिवाणू तिथे पोहोचणार कसा? आणि उन्हात कोरड्या सालीवर फवारलेला जिवाणू विकरं चालवण्याइतका काळ ओला राहत नाही.

मण्यातला रेसिड्यू कमी होतो तो दिवसांनी, उन्हानं, वेलीच्या स्वतःच्या विकरांनी आणि मणी फुगल्यानं. म्हणूनच पीएचआयचे, म्हणजे शेवटची फवारणी आणि काढणी यांमधल्या अंतराचे, दिवस ठरवलेले असतात. पुण्याचं राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्र औषधांची यादी दिवसांसह देतं, ती भिंतीला लावा.

सगळ्या क्लोरीनवाल्या औषधांचा स्वभाव एक नसतो, हे तुमच्याच बागेतल्या दोन उदाहरणांनी सांगते. फळछाटणीआधी पानगळीसाठी तुम्ही इथ्रेल मारता. त्यातल्या इथेफॉनमध्ये कार्बनला जोडलेलं क्लोरीन आहे, पण तो रेणू फक्त तीव्र आम्लात टिकतो. पानाच्या पेशीत आम्लता कमी, तिथे गेला की तो आपोआप मोडून इथिलीन, फॉस्फेट आणि क्लोराइड होतो. त्याला जिवाणू लागत नाही की विकर लागत नाही. याउलट वाढ रोखायला वापरत तो सीसीसी, म्हणजे क्लोरमेक्वाट क्लोराइड. यातही कार्बनला जोडलेलं एक क्लोरीन आहे आणि ते मुळीच सहजी सुटत नाही. वेलीत चिवटपणे राहतं. २०१० साली आपल्या द्राक्षांचे कंटेनर युरोपात अडकले ते याच अवशेषामुळे, आणि कित्येक घरांचं त्या वर्षी कंबरडं मोडलं. दोन्ही रेणूंत क्लोरीन बसलंय तो तुकडा एकसारखा, शेजारी काय जोडलंय तेवढ्यानं इतका फरक.

टू-फोर-डीचं दुखणं मला ठाऊक आहे, द्राक्षवेल त्याला अतिशय हळवी. जमिनीत पडलेलं टू-फोर-डी ओल्या, उबदार मातीत आठवड्या-दोन आठवड्यांत निम्मं होतं, कारण ते खाणारे जिवाणू मातीत आहेतच. लंडनमध्ये ऑडस नावाच्या शास्त्रज्ञानं १९४० च्या दशकाच्या शेवटी मातीतून टू-फोर-डीचं पाणी सतत फिरवून पाहिलं. पहिले काही दिवस काहीच घडलं नाही, मग अचानक ते झपाट्यानं नाहीसं होऊ लागलं, आणि दुसऱ्यांदा घातल्यावर थांबावंच लागलं नाही. ते खाणारे जिवाणू तोवर वाढले होते. हे जिवाणू आधी रेणूचं कडं मोडतात आणि मग क्लोरीन सोडतात. पण पानावर वाऱ्यानं आलेल्या टू-फोर-डीचा यात काही संबंध येत नाही. ते काही तासांतच वेलीत शिरून आपलं काम सुरू करतं. तिथे उपाय एकच, शेजाऱ्याशी बोलणं: वारं तुमच्या बागेकडे असताना त्यानं पंप लावू नये, उन्हाच्या वेळी मारू नये, आणि जास्त उडणारं एस्टर नव्हे, अमाइन क्षाराचं रूप वापरावं. द्राक्षाच्या फुटव्याच्या काळात तर हातानं खुरपणी करून घ्यावी. तिचा थोडा खर्च तुम्ही उचललात तरी परवडेल.

बाटलीतले जिवाणू कुठेच चालत नाहीत, असं मात्र मी म्हणणार नाही. जर्मनीत डायक्लोरोइथेननं बिघडलेलं भूजल वर काढून झँथोबॅक्टरच्या टाकीतून स्वच्छ केलं गेलं. अमेरिकेत कपडे धुण्याच्या आणि यंत्रांचं ग्रीस काढण्याच्या क्लोरीनयुक्त द्रावकांनी खराब झालेल्या भूजलात डिहॅलोकोकॉइडिस हे जिवाणू सोडतात. तिथे विष एक, ते माहीत असलेलं, परिस्थिती त्या जिवाणूला मानवणारी, आणि नमुने सतत तपासले जातात. कुणी बाटली घेऊन आला तर त्याला विचारा, कुठलं औषध मोडतं, किती दिवसांत, आणि कुठल्या प्रयोगशाळेचा अहवाल. यातल्या एकाचंही उत्तर लेखी मिळालं नाही तर पैसे खिशातच राहू द्या.

अजून एक सांगून ठेवते, कारण पत्रात कुणीच विचारलेलं नाही. नव्या औषधांत क्लोरीनच्या जोडीला किंवा जागी फ्लोरीन येऊ लागलंय, नावात 'फ्लु' दिसेल. कार्बन आणि फ्लोरीनचा बंध तोडायला मोलमागे सुमारे ४८५ किलोज्यूल लागतात, क्लोरीनच्या बंधाला ३३० च्या आसपास. फ्लोरोअ‍ॅसिटेट नावाच्या विषातला हा बंध तोडणारी विकरं जिवाणूंत आहेत आणि तीही अ‍ॅस्पार्टेटच्याच युक्तीनं चालतात. पण एकाच कार्बनवर तीन फ्लोरीन बसलेले असले, की जिवाणूंनाही ते फार जड जातं. ती औषधं हात राखून वापरा.

प्रश्न : घर दुरुस्त करताना माळ्यावर आजोबांच्या काळातली बीएचसी पावडरची अर्धी गोणी सापडली. जिवाणू खातात म्हणता तर उसाच्या सरीत विस्कटून टाकू का? — वाळवा तालुका

उत्तर : नको, कृपा करून नको.

बीएचसी म्हणजे सहा कार्बनचं कडं आणि प्रत्येकावर एक क्लोरीन. हा पदार्थ मायकेल फॅरडे यांनी १८२५ मध्येच बनवला होता, कीड मारतो हे कळलं शतकभरानं. पावडरीत त्याची अनेक रूपं मिसळलेली असतात आणि त्यांतलं फक्त गॅमा रूप कीड मारतं, तेही दहा-पंधरा टक्के. बाकीचं नुसतं ओझं, आणि त्यातलं बीटा रूप सर्वांत चिवट. त्याच्या सगळ्या क्लोरीनची दिशा अशी आहे की जिवाणूंना ते सुरुवातीला हाताला लागत नाहीत. भारतात बीएचसीवर १ एप्रिल १९९७ पासून बंदी आहे.

ते मोडणारे जिवाणू खरोखर आहेत, आणि तुम्हाला आवडेल अशी गोष्ट म्हणजे भारतात असा एक जिवाणू १९९० च्या सुमारास उसाच्याच मुळांजवळच्या मातीतून वेगळा केला गेला. त्याच्या कुळातल्या जिवाणूंत लिन-ए आणि लिन-बी नावाची दोन विकरं असतात. पहिलं क्लोरीन आणि हायड्रोजन जोडीनं काढून घेतं, दुसरं पाणी वापरून एकेक क्लोरीन बदलतं. दिल्लीच्या शास्त्रज्ञांनी असे जिवाणू दाणे काढलेल्या मक्याच्या कणसांवर वाढवून बीएचसीनं बिघडलेल्या शेतात घालून पाहिले आणि प्रमाण खाली आलं. पण ते मातीत विखुरलेल्या अवशेषाबद्दल आहे. कोरड्या पावडरीच्या ढिगावर जिवाणू जगतच नाही, आणि सरीत टाकलेली पावडर पहिल्या पाटपाण्याबरोबर ओढ्यात आणि तिथून कृष्णेत जाईल.

जाळूही नका. चुलीच्या किंवा शेकोटीच्या आचेत क्लोरीनयुक्त पदार्थातून डायॉक्सिन तयार होतात, आणि ते बीएचसीपेक्षा वाईट. हातमोजे घाला, तोंडाला मास्क बांधा, गोणी न झटकता जाड प्लॅस्टिकच्या दोन पिशव्यांत घाला, झाकणाच्या पिंपात ठेवा, वर 'बीएचसी – विष' असं मोठ्या अक्षरांत लिहा. विहीर, गोठा आणि मुलं यांच्यापासून लांब, कुलपात. मग तालुका कृषी अधिकाऱ्यांना लेखी कळवा आणि अर्जाची पोच घ्या. घातक कचऱ्याची विल्हेवाट लावणारी केंद्रं तळोजा आणि रांजणगावला आहेत, गोणी शेवटी तशाच ठिकाणी जायला हवी. माळा ओल्या फडक्यानं पुसा, झाडू मारू नका, आणि त्या माळ्यावर जे धान्य किंवा पेंड ठेवलेली असेल ती जनावरांना घालू नका.